नागपूरच्या १५१ नगरसेवकांना खुलं पत्र: तुमच्या चौघांपैकी आमच्या गल्लीचं कोण, ते आधी सांगा

सगळ्या नगरसेवक ताईंना आणि भाऊंना नमस्कार,

आधी तुमचं अभिनंदन, अगदी मनापासून. १५ जानेवारीला सकाळी साडेसातलाच मी लाइनीत उभी होते, अ ब क ड अशी चार बटणं दाबली, आमच्या प्रभागात चार नगरसेवक म्हणून, आणि बाहेर आल्यावर बोटावरची खूण बराच वेळ पाहत राहिले. कारण याच्या आधी महापालिकेसाठी मी मत दिलं होतं ते २१ फेब्रुवारी २०१७ ला. मधे जवळपास नऊ वर्षं गेली. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती, यावेळी ती माझ्या मागे उभी राहून स्वतःचं मत देऊन आली.

मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, चोवीस वर्षं झाली. स्थानिक शासनाचा धडा दरवर्षी येतो. पोरं म्हणतात मॅडम हा धडा बोअर आहे, आणि मला दरवर्षी तोच सगळ्यात जवळचा वाटतो, कारण संसद दिल्लीत, विधानसभा मुंबईत, अधिवेशनापुरती आपल्याकडे, पण नळ, रस्ता, गडर लाइन, दिवाबत्ती हे सगळं आपल्या दारासमोर असतं. २०२३ च्या ऑक्टोबरमधे मी अकरावीला ७४ वी घटनादुरुस्ती शिकवत होते, १ जून १९९३ पासून लागू, बारावी अनुसूची, १८ विषय वगैरे वगैरे. २३ सप्टेंबरचा अंबाझरीचा पूर येऊन जेमतेम तीन-चार आठवडे झाले होते. तलावाच्या खालच्या भागातली एक मुलगी वर्गात होती, घरात छातीएवढं पाणी शिरलेलं, पुस्तकं वाळवून वाळवून फुगलेली, तीच घेऊन ती यायची. तिनं हात वर केला. मॅडम, आमचा नगरसेवक कोण आहे? मी म्हटलं सध्या कोणीच नाही, मार्च २०२२ मधे मुदत संपली, आता प्रशासक आहेत. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, मग त्यांना इलेक्शनमधे पाडता येते का?

मी नाही म्हटलं आणि पुढे शिकवत गेले, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या रात्री लोकांना बोटीतून बाहेर काढणारी माणसं होती, दिवसरात्र राबलेले कर्मचारी होते, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ज्याला पाडता येते असा माणूस त्या वेळी शहरात एकही नव्हता. तेव्हापासून मी दुसऱ्या देशांमधे शहरं कशी चालतात ते वाचायला लागले, जे मिळेल ते, आणि प्रत्येक ठिकाणी त्या मुलीचाच प्रश्न लावून पाहिला. तेच तुम्हाला सांगायला बसले आहे. पत्र लांबणार आहे, पण वाचा, कारण तुमची खुर्ची अजून नवी आहे आणि सवयी लागायच्या आहेत.

आधी माझ्या गल्लीतलं सांगते. २०२४ च्या जुलैमधे आमच्या घरासमोरचं चेंबर भरून वाहायला लागलं. पावसाचं पाणी असतं तर निदान उतरलं असतं, हे गडरचं होतं. बाजूच्या काकू अठ्ठ्याहत्तरच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांच्या फाटकासमोर आम्ही विटा ठेवून वर फळी टाकली, आणि त्या फळीवरून त्यांना हाताला धरून रिक्षापर्यंत न्यायचं, दिवसाआड ड्रेसिंगला. मी तीन ऑफिसं फिरले. एकानं म्हटलं ही लाइन आमची नाही, रोडच्या कामात दाबल्या गेली म्हणून ज्यांचा रोड त्यांना विचारा. दुसऱ्यानं म्हटलं आम्ही फक्त रोड केला, खालचं आमच्याकडे येत नाही. तिसऱ्यानं लेआउटचा कागद मागितला, आणि तो पाहून पुन्हा पहिल्याकडे पाठवलं. कोणी वाईट बोललं नाही, एकानं तर चहा पाजला. बारा दिवस झाले. शेवटी गल्लीतल्या चौदा घरांनी वर्गणी काढली, प्रायव्हेट गाडी बोलावली आणि चेंबर साफ करून घेतलं. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

तुम्ही म्हणाल तेव्हा आम्ही नव्हतो. बरोबर आहे. पण २०१७ नंतर पाच वर्षं नगरसेवक होते ना, तेव्हाही चारच होते. आमच्या कोपऱ्यावरच्या लाइटसाठी मी चौघांना फोन केले होते. एक म्हणे तो पट्टा अमक्यांकडे आहे, अमके म्हणे मी महिला-बालकल्याणचं पाहते, तिसऱ्यांचा फोन लागला नाही, चौथे म्हणाले मॅडम करून देतो, आणि खरंच आठ दिवसांत करून दिलं. पण मी पुढच्या वेळी कोणाला फोन करायचा? आणि काम झालं नाही तर कोणाला पाडायचं? चौघं एकाच पॅनलचे, चौघांचा फोटो एकाच बॅनरवर.

माझा भाचा डेन्मार्कमधे राहतो, आरहूसच्या बाजूला, सात वर्षं झाली. नागरिकत्व अजून भारताचंच आहे. मागच्या नोव्हेंबरमधे त्याच्या घरी टपालानं मतदानाचं कार्ड आलं, त्यानं फोटो पाठवला. तिकडे परदेशी माणसालासुद्धा काही वर्षं राहिल्यावर स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, कारण कचरा त्याच्याही घरून उचलावा लागतो आणि टॅक्स तोही भरतो. दर चार वर्षांनी नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी निवडणूक, तारीख आधीपासून ठरलेली. २०१७ ला झाली, २०२१ ला कोरोनातही झाली, १८ नोव्हेंबर २०२५ ला झाली. म्हणजे आम्ही नागपूरचे मतदार २०१७ पासून वाट पाहून राहिलो होतो आणि तेवढ्या काळात तिकडे तीनदा मतदान झालं. आपल्याही घटनेत लिहिलं आहे, कलम २४३-यू, मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, सुप्रीम कोर्ट, तारखांवर तारखा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

डेन्मार्कनं २००७ ला मोठी उलथापालथ केली. २७१ नगरपालिका होत्या, त्या जोडून ९८ केल्या, आणि वरचे १४ जिल्हे काढून ५ विभाग केले. लहान गावांना एकट्यानं शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल, रस्ते हे सगळं झेपत नव्हतं म्हणून. लोक नाराज झाले होते, गावाचं नाव गेलं, ऑफिस लांब गेलं, ते ओघानं आलंच. पण एक गणित करून पहा, मी फळ्यावर मुलांकडून करून घेतलं होतं. डेन्मार्कची लोकसंख्या साधारण ६० लाख, भागिले ९८, म्हणजे एका नगरपालिकेत सरासरी एकसष्ट हजार माणसं. नागपूर २०११ च्या जनगणनेत २४ लाखांच्या वर, भागिले ३८ प्रभाग, म्हणजे एका प्रभागात त्रेसष्ट-चौसष्ट हजार. तुमचा एक प्रभाग म्हणजे तिकडची एक आख्खी नगरपालिका! तिला स्वतःचं सभागृह, वीस-पंचवीस-तीस निवडलेली माणसं, स्वतःचा महापौर, आणि लोकांच्या कमाईवर साधारण पंचवीस टक्के टॅक्स थेट तिचा. आणि इथे तेवढ्याच माणसांमागे तुम्ही चौघं, हातात नगरसेवक निधी. म्हणून मी कोणाला कामचुकार म्हणत नाही, एवढ्या माणसांना चार जण पुरायचे कसे हाच प्रश्न आहे. पण निदान त्या चौघांनी आपसात वाटून तरी घ्यावं.

चार जणांचा प्रभाग जगात फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. स्कॉटलंडमधे २००७ पासून बहुतेक वॉर्डांत तीन किंवा चार नगरसेवक असतात, त्याच्या आधी एकच असायचा. पण तिकडे मतदाराला चार मतं नसतात, एकच असतं, आणि तो नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकतो. मोजताना पहिल्या पसंतीचा माणूस गरजेपुरती मतं मिळून निवडून आला किंवा बाहेर पडला की मत दुसऱ्या पसंतीकडे सरकते. त्यामुळे एका वॉर्डात बहुतेक वेळा दोन-तीन पक्षांची माणसं निवडून येतात, आणि एकानं ऐकलं नाही तर माणूस दुसऱ्याकडे जातो, आणि तो दुसरा मुद्दाम ऐकतो, कारण पुढच्या वेळी त्याला पहिल्याच्या वर जायचं असतं. आपल्याकडे चार जागा आणि चार वेगळी मतं, हवा ज्या बाजूची असेल तिकडे चारही जागा जायची शक्यता जास्त. आकडा चारचाच, पण मतदाराच्या हाती येतं ते एकदम वेगळं. सिस्टीम म्हणजे नुसता आकडा नसतो हे मी मुलांना याच उदाहरणावरून सांगते.

आणि आपण हा आकडा बदलला किती वेळा ते आठवा. २००७ ला आपल्याकडे एक वॉर्ड एक नगरसेवक होता. २०१२ ला दोनाचा प्रभाग झाला. २०१७ ला चाराचा. मधे तिघांचा करायचं ठरलं, सरकार बदललं, पुन्हा चाराचा. मुंबईत मात्र २२७ वॉर्ड आणि प्रत्येकी एकच नगरसेवक, तिथे हे लागूच नाही. नगराध्यक्षाचं आणि सरपंचाचंही तसंच, एक सरकार थेट लोकांमधून करते, दुसरं सदस्यांमधून, तिसरं पुन्हा थेट. यात आम्हाला कोणीही विचारलं नाही. इंग्लंडमधे २०१२ च्या मे महिन्यात दहा शहरांमधे लोकांना विचारलं, तुम्हाला थेट निवडलेला महापौर पाहिजे का? नऊ शहरं नाही म्हणाली, एकटं ब्रिस्टल हो म्हणालं. दहा वर्षं त्यांनी तो महापौर पाहिला, मग २०२२ ला पुन्हा मतदान घेतलं, आणि लोक म्हणाले नको, एकाच माणसाच्या हातात फार जाते. मे २०२४ पासून तिकडे समित्यांचा कारभार सुरू झाला. जपानमधे ओसाका शहर मोडून त्याचे विभाग करायचा प्लॅन होता, सत्ताधारी पक्षानं पूर्ण ताकद लावली, २०१५ ला लोकांनी थोडक्यात पाडला, २०२० ला पुन्हा आणला, पुन्हा थोडक्यात पाडला. मोठ्या नेत्याचा प्लॅन लोकांनी मत देऊन पाडला आणि त्यानं तो मान्य केला! शहराची रचना बदलताना शहरातल्या माणसाला विचारायचं असतं, एवढंच मला त्यातून घ्यावंसं वाटतं.

आता प्रशासकाबद्दल. कोणी म्हणेल निवडणुका नसल्या तरी काय बिघडलं, उलट कामं फटाफट झाली. हे मी लग्नात, मॉर्निंग वॉकला, स्टाफरूममधे, सगळीकडे ऐकलं आहे. अशा वेळी मला युबारी आठवतं. जपानच्या होक्काइदो बेटावरचं कोळशाच्या खाणीचं गाव, एक काळ लाखाच्या वर वस्ती, खाणी बंद पडल्या, नगरपालिकेनं करमणूक पार्क आणि हॉटेलं काढून गाव जगवायचा प्रयत्न केला आणि कर्जात बुडाली. २००७ मधे सरकारच्या देखरेखीखाली गेली. खर्च कापले, महापौराचा पगार कापला, नगरसेवक १८ चे ९ केले. पण निवडणूक बंद नाही केली. त्याच वर्षी गावानं महापौर निवडला, २०११ ला पुन्हा, आणि तो निवडून आलेला महापौर तीस वर्षांचा होता, आज तो आख्ख्या होक्काइदोचा गव्हर्नर आहे. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम २०२३ ला पैशानं झोपलं, सरकारनं वरून कमिशनर पाठवले, तरी निवडलेले नगरसेवक जागेवर राहिले, लोकांची बोलणी खात राहिले. पैसे संपलेल्या शहरांनी लोकांचं मत काढून घेतलं नाही. आपण तर दिवाळखोरही नव्हतो.

माझं सगळ्यात जास्त मन अडकतं ते आयुक्त या पदापाशी. आपल्याकडे कारभाराचे सगळे अधिकार आयुक्तांकडे, हे मुंबईच्या १८८८ च्या कायद्यापासून चालत आलं, इंग्रजांना शहराच्या तिजोरीवर आपला माणूस पाहिजे होता. इंग्रज गेले, सिस्टीम राहिली. महापौर सभा चालवतात, अडीच वर्षं, त्याही आरक्षणाच्या सोडतीनं, आणि सही आयुक्तांची. आयुक्तांची बदली होते ती मंत्रालयातून. म्हणजे तुम्ही ज्याला काम सांगता त्याचं वर-खाली तुमच्या हातात नाही. अमेरिकेत डेटन नावाचं शहर आहे, ओहायो राज्यात, नदीकाठचं. १९१३ च्या मार्चमधे तिथे महापूर आला, त्या नदीच्या खोऱ्यात मिळून ३६० च्या वर माणसं गेली. जुनी महापौरवाली सिस्टीम बदलायची चळवळ आधीपासून होतीच, पुरानं तिला जोर आला, आणि १९१४ पासून त्यांनी नवीन पद्धत आणली. निवडून आलेली पाच माणसं, आणि त्यांनी नेमलेला एक शिकलेला मॅनेजर, इंजिनिअर. काम मॅनेजर करणार, पण त्याला नेमायचा आणि काढायचा हक्क निवडून आलेल्या पाच जणांचा. आता अमेरिकेतली हजारो लहानमोठी शहरं अशीच चालतात. आपल्याकडेही जाणकार अधिकारी आहेत, फरक एवढाच की त्यांना काढायची दोरी डेटनमधे शहराच्या हातात आहे आणि आपली मुंबईत.

आणि हे आपल्या नागपूरला नवीन आहे का? १९९८ मधे मेयर-इन-कौन्सिल मुंबईत आणि नागपुरात आणली होती की. महापौर आणि त्यांचं मंडळ म्हणजे शहराचं छोटं मंत्रिमंडळ, अधिकार त्यांच्याकडे. आज जे राज्याचे मुख्यमंत्री आहेत, देवेंद्र फडणवीस, ते तेव्हा आपले महापौर होते, १९९२ पासून नगरसेवक, १९९७ ला सत्ताविसाव्या वर्षी महापौर, आणि या नव्या पद्धतीतही तेच महापौर झाले. वर्षभरात, १९९९ ला, ती पद्धत गुंडाळली. जमली की नाही हे कळायलाही वेळ मिळाला नाही. ज्या शहरात हा प्रयोग झाला त्या शहराचेच माजी महापौर आज निर्णय घ्यायच्या खुर्चीवर आहेत, तर तुम्ही १५१ जण, पक्ष बाजूला ठेवून, एक ठराव करून त्यांना विचारू शकता ना, की त्या वर्षभरात काय शिकायला मिळालं आणि पुन्हा करायचं तर कसं करायचं? मला खरंच वाटते हे नागपूरनेच मागावं.

पैशाचंही तेच आहे, थोडक्यात सांगते कारण हे तुम्हाला रोज दिसणार आहे. २०१३ ला जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, २०१७ ला जीएसटी आला. आता घरटॅक्स, पाणीपट्टी, आणखी काही फी सोडली तर बाकी अनुदान येईल तेव्हा. ब्राझीलनं १९८८ च्या घटनेत नगरपालिकेला देशाच्या रचनेतच जागा दिली, केंद्र, राज्य आणि नगरपालिका. आपल्याकडे घटनेत १८ विषयांची यादी आहे, पण द्यायचे की नाही ते राज्याच्या मर्जीवर.

ब्राझीलचं नाव घेतलं तर पोर्तो अलेग्रेबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथली गोष्ट गडर लाइनचीच आहे. १९८९ मधे तिथल्या नवीन महापौरांनी ठरवलं की दरवर्षी शहराच्या कामांचे पैसे कुठे लावायचे ते वस्त्यांमधल्या सभांमधे ठरणार. शहराचे सोळा भाग केले, प्रत्येक भागात सभा, लोक आपल्या कामांचा क्रम लावणार, प्रतिनिधी निवडणार, मग ते प्रतिनिधी महापालिकेसोबत बसून बजेट पक्कं करणार. पहिल्या वर्षी लोक कमीच आले, पैसेही नव्हते, मग काम होताना दिसलं तसे लोक वाढले. बायका, मोलकरणी, मजूर यायला लागले, माइकवर बोलायला लागले. आणि लोकांनी सगळ्यात आधी काय मागितलं, तर पाणी आणि मलवाहिनी. पाणी आणि गडरचं कनेक्शन असलेली घरं १९८८ ला ७५ टक्के होती, ती १९९७ पर्यंत ९८ टक्के झाली, ही जागतिक बँकेनं नोंदवलेली गोष्ट आहे. मी हे आमच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पाहा, बाईमाणसाला विचारलं की गडरच आधी सांगणार. नंतर तिथलं राजकारण बदललं, पैसा कमी होत गेला, २०१७ ला ते थांबवलं. चांगली गोष्ट आपोआप टिकत नाही. पण त्या वर्षांमधे ज्या घरांना लाइन मिळाली ती लाइन जमिनीत आहेच.

लांब कशाला जायचं. पुण्यात २००६ पासून नागरिक बजेटसाठी कामं सुचवतात, कमीजास्त होते पण चालू आहे. केरळनं १९९६ ला राज्याच्या योजनेतला साधारण ३५ ते ४० टक्के पैसा गावांना आणि शहरांना देऊन टाकला आणि सांगितलं तुम्हीच प्लॅन करा. दक्षिण आफ्रिकेत प्रत्येक वॉर्डात नगरसेवक आणि सोबत जास्तीत जास्त दहा नागरिक अशी वॉर्ड समिती कायद्यात आहे.

आणि आपल्याकडे? आपल्या कायद्यात २००९ पासून क्षेत्र सभा आहे! गावाला ग्रामसभा तशी शहराला क्षेत्र सभा, आपल्या भागातल्या मतदारांची, आणि ती घ्यायची नगरसेवकाने. मी माझ्या गल्लीत, कॉलेजात, नात्यात विचारलं, कोणी क्षेत्र सभेला गेलंय का? एकानेही हो म्हटलं नाही, बऱ्याच जणांनी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. तुमच्यापैकी कोणी घेतली असेल तर मला खूप आनंद होईल, मी येऊन पाहीन.

म्हणून माझं मागणं, आणि यातल्या कशालाच मुंबईची परवानगी लागत नाही. पहिलं, तुम्ही चौघांनी बसून प्रभागाचे चार पट्टे करा. कायद्यानं चौघं आख्ख्या प्रभागाचे असता हे मला माहीत आहे, कोणाचा हक्क कमी होत नाही, पण लोकांसाठी एक नाव पुढे पाहिजे. कोणत्या गल्ल्या कोणाकडे ते लिहा आणि चौकात, झोन ऑफिसात, मंदिराच्या, बुद्धविहाराच्या, मशिदीच्या बाहेर बोर्ड लावा, फोटो नसला तरी चालेल, नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात पाहिजे. मग चेंबर भरलं की मी चार फोन करणार नाही, एक करीन. त्याच बोर्डवर एक ओळ अजून लिहा, गडर कोणाकडे, रोड कोणाकडे, लाइट कोणाकडे, लेआउटचे कागद कोणाकडे. मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण), मेट्रो, सार्वजनिक बांधकाम, ही सगळी नावं शहरात आहेत, नासुप्रचा कायदा तर १९३६ चा आहे, आणि कोणता रस्ता कोणाचा हे सामान्य माणसानं शोधत फिरायचं काम नाही. ते तुम्ही शोधा. कागद आमच्याकडून कधीही मागा, माझ्याकडे आरएल लेटरपासून (प्लॉट नियमित झाल्याचा कागद) सगळं फाइलला लावलेलं आहे.

आणि दर तीन महिन्यांनी क्षेत्र सभा घ्या. स्टेज नको, हार नको, सत्कार नको. मागच्या सभेत काय काय सांगितलं होतं, त्यातलं काय झालं, काय नाही झालं आणि का नाही झालं, एवढं आधी वाचून दाखवा. का नाही झालं हे सांगितलं की लोक समजून घेतात, चोवीस वर्षं वर्गात उभी राहून मला एवढं नक्की कळलंय, की उत्तर येत नाही म्हणणाऱ्या मास्तरवर पोरं चिडत नाहीत, टाळणाऱ्यावर चिडतात. प्रभागाचा म्हणून बजेटमधे किती पैसा आला तो आकडाही तिथे सांगा, आणि त्यातला थोडा तरी, अगदी थोडा, सभेत हात वर करून ठरवू द्या.

अधिकाऱ्यांना सोबत आणा. ते आले नाहीत तर तसं सभेत सांगा, आणि लिहून ठेवा.

ती अकरावीतली मुलगी आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. इलेक्शनच्या दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, मॅडम निकाल लागला, आता आमचे चार आहेत, पण आमच्या गल्लीचं कोण? मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही, हे पत्र आधी लिहायचं ठरवलं.

आमच्या लेआउटमधलं समाजभवन रविवारी सकाळी रिकामं असतं. दीडशे माणसं आरामात बसतात, खुर्च्या आणि माइकचं आम्ही पाहतो, काकूंना मी स्वतः घेऊन येते. पहिला विषय त्यांच्या फाटकासमोरचं चेंबर. तारीख तुम्ही कळवा, जूनच्या आधीची.

तुमच्या १५१ पैकी चौघांना मत दिलेली,
दक्षिण नागपूरची एक मतदार